परदेशप्रवासातील पोलिसी लाचमागणी आणि प्रवाशाचे वर्तन : महाळुंगे औद्योगिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

परदेशात गेलेल्या प्रवाशास रस्त्यात अडवून पैसे मागणाऱ्या पोलिसाशी कसे वागावे, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यावहारिक वाटतो. प्रत्यक्षात त्याला कायद्याचे, भाषेचे आणि सवयीचे असे तीन पदर आहेत. महाळुंगे-चाकण औद्योगिक पट्ट्यातून प्रशिक्षण, काम आणि सहल या निमित्तांनी अनेक जण परदेशी जात असल्याने हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात दंड व लाच यांतील भेद, लाचमागणीचे प्रकार, २०१३ ते २०२५ या काळातील चार प्रसिद्ध घटना, भारतीय व आंतरराष्ट्रीय कायद्याची चौकट आणि प्रत्यक्ष प्रसंगी करावयाचे वर्तन यांचे विवेचन केले आहे. पावती मागण्याची सवय हेच सामान्य प्रवाशाचे सर्वांत भरवशाचे संरक्षण असून ती सवय आपल्याच गावच्या चौकात लागते किंवा मोडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : लाच, दंड, पावती, पारपत्र, वाणिज्य दूतावास, भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, चाकण औद्योगिक क्षेत्र.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या शेजारी महाळुंगे हे गाव आहे. एकेकाळचे हे शेतीप्रधान गाव आज महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या चाकण क्षेत्राचा भाग आहे. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, सावरदरी, खालुंब्रे या गावांच्या शिवारात दुचाकी, मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे देशी-विदेशी कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर या परिसराचा जगाशी असलेला संबंधही बदलला. ज्या घरातील आजोबांचा सर्वांत लांबचा प्रवास आषाढी वारीचा होता, त्याच घरातील नातू आज यंत्राच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीस किंवा कोरियास जातो.

या पट्ट्यातून परदेशी जाणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग कंपनीने कामासाठी पाठविलेल्या अभियंत्यांचा व तंत्रज्ञांचा. दुसरा वर्ग विक्रीचे लक्ष्य पूर्ण केल्याबद्दल कंपनीच्या योजनेतून बँकॉक-पट्टायासारख्या ठिकाणी सहलीस जाणाऱ्या वितरकांचा व पुरवठादारांचा. तिसरा वर्ग स्वतःच्या खर्चाने कुटुंबासह थायलंड, बाली, व्हिएतनाम, दुबई पाहण्यास जाणाऱ्या नोकरदारांचा. या तिन्ही वर्गांना प्रवासाची माहिती देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. कोणते कपडे घ्यावेत, कोणते खाद्यपदार्थ नेता येतात, चलन कोठे बदलावे, हे सर्व सांगितले जाते. परंतु अनोळखी शहरात गणवेशातील माणसाने हात करून थांबविले आणि पैसे मागितले तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही.

परदेशप्रवासाचा आरंभ विमानतळावर होतो असे आपण मानतो. नागरिकाचा पोलिसांशी येणारा या प्रवासातील पहिला संबंध मात्र त्याच्याही आधी, पासपोर्ट म्हणजेच पारपत्रासाठीच्या पोलीस पडताळणीच्या वेळी येतो. या पडताळणीसाठी अर्जदाराने पोलिसांना कोणतेही शुल्क द्यावयाचे नसते. तरीही ‘चहापाण्याचे काहीतरी द्यावेच लागते’ अशी समजूत अनेक घरांत वर्षानुवर्षे पक्की आहे. ज्याने पारपत्र मिळविण्यापूर्वीच विनापावती पैसे देण्याचा धडा गिरविला, तो परदेशातील पहिल्या तपासणी नाक्यावर निराळे वागेल, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार परदेशापासून न करता आपल्या अंगणापासून करणे आवश्यक आहे.

२. दंड, लाच आणि त्यांची सौम्य नावे

दंड हा राज्याला दिला जातो. त्यामागे लिखित नियम असतो, रक्कम ठरलेली असते आणि तो भरल्याची नोंद उरते. लाच ही व्यक्तीला दिली जाते. तिच्यामागे नियमाची केवळ धमकी असते, रक्कम समोरच्याची ऐपत पाहून ठरते आणि तिची नोंद उरू नये याची दोन्ही बाजूंनी काळजी घेतली जाते. रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाला मात्र या दोहोंतील फरक चटकन कळत नाही. मागणारा माणूस तोच, गणवेश तोच, कारणही पुष्कळदा खरेच असते. फरक दाखविणारी वस्तू एकच उरते, ती म्हणजे पावती.

लाच सहसा स्वतःच्या नावाने वावरत नाही. मराठीत तिला चिरीमिरी, चहापाणी, वरकमाई अशी नावे आहेत. मेक्सिकोत तिला ‘मोर्दिदा’ म्हणजे चावा म्हणतात. स्वाहिली भाषेत ‘किटू किडोगो’, म्हणजे ‘थोडेसे काहीतरी’, असा शब्दप्रयोग आहे. इंडोनेशियात ‘उआंग रोकोक’ म्हणजे सिगारेटचे पैसे, तर थायलंडमध्ये चहाचे पैसे मागितले जातात. मेक्सिकोचा चावा सोडला, तर बाकीच्या नावांत मागणी क्षुल्लक दाखविण्याची धडपड दिसते. प्रवाशाने या शब्दांचा अर्थ आधीच जाणून घ्यावा, कारण प्रत्यक्ष मागणी ‘लाच द्या’ अशा शब्दांत कधीच होत नाही.

हा अनुभव थोड्यांपुरता मर्यादित नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेने २०१३ साली १०७ देशांत केलेल्या जागतिक पाहणीत, वर्षभरात पोलिसांशी संबंध आलेल्या व्यक्तींपैकी ३१ टक्के व्यक्तींनी लाच दिल्याचे सांगितले होते. पाहणीतील सर्व सार्वजनिक सेवांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते. यात बहुसंख्य लोक त्या त्या देशाचे नागरिकच होते. परका प्रवासी त्यांच्याहून अधिक दुबळा असतो. त्याला भाषा येत नाही, नियम ठाऊक नसतात, जवळ रोख रक्कम असते आणि परतीच्या विमानाची वेळ ठरलेली असते.

३. लाचमागणीचे प्रकार

लाचमागणीचे प्रसंग सामान्यतः पुढील प्रकारांत मोडतात.

(अ) खऱ्या चुकीवर आधारलेली मागणी : हेल्मेट नसणे, आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना नसणे, चुकीच्या दिशेने वाहन चालविणे अशी लहान चूक प्रवाशाकडून घडलेली असते. पोलीस न्यायालयाच्या मोठ्या दंडाची भीती घालतो आणि ‘येथेच मिटवू’ असे सुचवितो. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो.

(आ) कल्पित चुकीवर आधारलेली मागणी : अस्तित्वात नसलेला नियम सांगितला जातो किंवा व्हिसावरील शिक्क्यात खोट काढली जाते.

(इ) कागदपत्र अडवून ठेवणे : पारपत्र किंवा परवाना हातात घेऊन तो परत देण्यासाठी पैसे मागितले जातात.

(ई) तोतया पोलीस : साध्या वेशातील माणसे ओळखपत्राची झलक दाखवून बनावट चलनाच्या तपासणीच्या निमित्ताने पैशांचे पाकीट पाहण्यास मागतात. येथे लाचेचा प्रश्नच नसतो, ती उघड फसवणूक असते.

(उ) गंभीर गुन्ह्यात गुंतविण्याची धमकी : अमली पदार्थ सापडल्याचा आरोप करून मोठी रक्कम मागितली जाते. हा प्रकार विरळा, परंतु सर्वांत धोकादायक आहे.

या पाचही प्रकारांत प्रवाशाचे उत्तर एकच असू शकत नाही. पहिल्या तिघांत संयम आणि कागदाचा आग्रह उपयोगी पडतो. चौथ्यात गर्दीच्या ठिकाणी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाण्याचा आग्रह धरावा. पाचव्यात वाद न घालता दूतावासाचे साहाय्य घेणे हाच मार्ग आहे.

४. चार प्रसिद्ध घटना

२०१३ साली बालीमध्ये एका डच पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने चित्रित केलेला प्रसंग जगभर पाहिला गेला. हेल्मेट न घातल्याबद्दल त्यास अडविणाऱ्या पोलिसाने न्यायालयाऐवजी जागेवरच दोन लाख रुपिया घेऊन प्रकरण मिटविले आणि त्या पैशांतून बिअर मागवून प्रवाशासही पाजली. पुढे त्याच्यावर खात्यांतर्गत कारवाई झाली.

जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकच्या हुआय ख्वांग भागातील तपासणी नाक्यावर तैवानच्या एका अभिनेत्रीकडून व तिच्या सोबत्यांकडून २७ हजार बात घेतले गेल्याचा आरोप झाला. पोलिसांनी आरंभी तो नाकारला. चौकशीत मात्र पैसे घेतल्याचे आणि ई-सिगारेटचा विषय त्यामागे असल्याचे पुढे आले व संबंधित पोलिसांवर कारवाई झाली. थायलंडमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे. भारतातही २०१९ च्या कायद्याने ती आहे.

उरलेल्या दोन घटना आपल्याच देशातील आहेत. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या वाहतूक पोलिसाने एका कोरियन नागरिकाकडून पाच हजार रुपये घेतल्याचे चित्रण प्रसृत झाले. प्रवाशाने आधी पाचशे रुपये पुढे केले होते. पोलिसाने रक्कम पाच हजार असल्याचे समजावले, पैसे घेतले आणि हस्तांदोलन करून निरोप दिला. पावती दिलीच नाही. त्यास निलंबित करण्यात आले. पावती देण्यापूर्वीच चालक निघून गेला, असा त्याचा बचाव होता. ऑगस्ट २०२५ मध्ये गुरुग्राम येथे दुचाकीवर मागे हेल्मेटविना बसलेल्या एका जपानी प्रवाशाकडून एक हजार रुपये रोख घेतले गेले व त्याचेही चित्रण प्रसिद्ध झाले. तेथे तिघांना निलंबित करण्यात आले.

गुरुग्रामची घटना अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, कलम १९४-ड अन्वये हेल्मेट न घातल्याबद्दल दंडाची रक्कम एक हजार रुपयेच आहे. म्हणजे चूक खरी होती, रक्कम बरोबर होती, घेणारा वाहतूक पोलीसच होता. त्या हजार रुपयांना संशयास्पद बनविणारी गोष्ट एकच, पावतीचा अभाव. दिल्लीच्या पोलिसाचा बचावही पावतीभोवतीच फिरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या चार घटनांतून आणखी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, प्रवाशाची स्वतःची लहानशी चूक, खरी वा कथित, हेच लाचमागणीचे भांडवल असते. दुसरा असा की, या चौघांजवळ कॅमेरा तरी होता किंवा प्रसिद्धी तरी होती. महाळुंग्याच्या कारखान्यातील तंत्रज्ञाजवळ यांपैकी काही असेलच असे नाही, आणि अनेक देशांत पोलिसांचे चित्रण करणे हाच गुन्हा ठरू शकतो. म्हणून सामान्य माणसासाठी कॅमेऱ्याचे काम पावतीच्या मागणीने करावे लागते.

५. कायद्याची चौकट

५.१ भारतीय कायदा : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ यात २०१८ साली महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. कलम ७ अन्वये लाच घेणाऱ्या लोकसेवकास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा आहे. कलम ८ अन्वये लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र ज्यास लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने पैसे दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळविल्यास त्यास हे कलम लागू होत नाही. तसेच यंत्रणेस आधी कळवून, तिच्या साहाय्यार्थ पैसे देणाराही गुन्हेगार ठरत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा याच तरतुदीवर उभा असतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावली जाते आणि पैसे स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविले असता द्रावण गुलाबी होते. महाराष्ट्रात या विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १०६४ आहे.

या तरतुदीचे मर्म असे की, कायदा सक्तीला क्षमा करतो, घाईला करीत नाही. विमान चुकेल म्हणून दिलेले पैसे आणि कोठडीच्या किंवा मारहाणीच्या भीतीने दिलेले पैसे यांत नैतिकदृष्ट्या अंतर आहे, आणि ते अंतर देणाऱ्याने स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

५.२ परदेशी कायदा : परदेशात त्या देशाचा कायदा लागू होतो. सात दिवसांची भारतीय सवलत तेथे चालेल असे समजू नये. लाच देणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. सिंगापूरमध्ये १९५२ पासून भ्रष्टाचाराच्या तपासासाठी स्वतंत्र संस्था कार्यरत आहे. तेथे सवयीने नोट पुढे करणारा प्रवासी किरकोळ दंडाऐवजी फौजदारी खटल्यास सामोरा जाईल. यास्तव ‘काही द्यावे लागेल का?’ हा प्रश्न प्रवाशाने स्वतःहून कधीच विचारू नये. ज्या पोलिसाच्या मनात लाच नाही, त्याच्यासमोर हा प्रश्न म्हणजे गुन्ह्याची कबुली ठरते. आणि ज्याच्या मनात ती आहे, त्याला मागण्याचे कष्टही उरत नाहीत.

५.३ कंपनीने पाठविलेल्या कर्मचाऱ्याची विशेष जबाबदारी : संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार ३१ ऑक्टोबर २००३ रोजी संमत झाला व भारताने २०११ मध्ये त्यास मान्यता दिली. परदेशी लोकसेवकांना लाच देणे हा गुन्हा ठरविणारे विधेयक २०११ मध्येच लोकसभेत मांडले गेले, परंतु २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. असे असले तरी चाकण पट्ट्यातील अनेक कारखान्यांच्या मूळ कंपन्या परदेशी आहेत आणि तेथील कायदे त्यांच्या आचारसंहितेतून येथील कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचतात. अमेरिकेच्या १९७७ च्या परदेशी भ्रष्टाचारविषयक कायद्यात नित्याचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या किरकोळ रकमांना मर्यादित अपवाद आहे. १ जुलै २०११ पासून अमलात आलेल्या ब्रिटनच्या लाचविरोधी कायद्यात तसा अपवाद नाही. मात्र जीव, शरीर किंवा स्वातंत्र्य वाचविण्यासाठी दुसरा मार्गच नसताना दिलेल्या पैशांबाबत सक्तीचा बचाव घेता येऊ शकेल, असे त्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे.

व्यवहारात यातून एक नियम निघतो. कामावर असताना असा प्रसंग घडल्यास तो वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवावा. दिलेली रक्कम भाडे किंवा भोजन या नावाखाली खर्चपत्रकात दाखविणे ही दुसरी आणि अनेकदा पहिलीपेक्षा गंभीर चूक ठरते, कारण त्यामुळे कंपनीच्या हिशेबातच खोटी नोंद होते.

६. दूतावासाचे साहाय्य

वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार, परदेशी नागरिकास अटक झाल्यास किंवा स्थानबद्ध केल्यास त्याला आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. त्याची माहिती त्याला विनाविलंब देणे हे स्थानिक अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचे म्हटले. त्या प्रकरणाचे स्वरूप अर्थातच अत्यंत वेगळे व गंभीर होते. परंतु ज्या हक्कासाठी दोन राष्ट्रे हेग येथे उभी राहिली, तोच हक्क रस्त्यावर अटक झालेल्या सामान्य पर्यटकासही आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

या हक्काची मर्यादाही समजून घ्यावी. केवळ रस्त्यात थांबविणे म्हणजे अटक नव्हे. दूतावास स्थानिक कायद्यातून सुटका करून देऊ शकत नाही किंवा दंडही भरत नाही. तो वकिलांची नावे देऊ शकतो, कुटुंबास कळवू शकतो, स्थानिक अधिकाऱ्यांकडे विचारणा करू शकतो. अशा तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ हे संकेतस्थळ सुरू केले. भारतीय पारपत्र हे पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम १७ नुसार केंद्र शासनाची मालमत्ता असते. म्हणून ‘हे पारपत्र भारत सरकारचे आहे, ते ठेवून घ्यावयाचे असल्यास मला दूतावासास कळवावे लागेल’ हे विधान नम्र असूनही परिणामकारक ठरते.

७. प्रत्यक्ष प्रसंगी वर्तन

७.१ निघण्यापूर्वी : वाहन चालवावयाचे असल्यास आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घ्यावा. दुचाकीची नोंद त्यात आहे याची खात्री करावी. पारपत्र व व्हिसा यांच्या छायाप्रती वेगळ्या ठेवाव्यात. भाड्याच्या दुचाकीसाठी मूळ पारपत्र तारण ठेवू नये. जेथे जावयाचे तेथील दूतावासाचा आणि पर्यटक पोलिसांचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. उदाहरणार्थ, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. मोठी रक्कम आणि रोजच्या खर्चाचे पैसे एकाच पाकिटात ठेवू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेल्मेट घालावे. चूकच नसेल तर मागणीला आधार उरत नाही.

७.२ अडविल्यानंतर : वाहन बाजूस घ्यावे, हेल्मेट व काळा चष्मा काढावा, अभिवादन करावे. आवाज चढवू नये. आग्नेय आशियात चारचौघांत रागावणे हा समोरच्याचा अपमान समजला जातो आणि अपमानित माणूस माघार घेऊ शकत नाही. त्यानंतर तीन प्रश्न सावकाश विचारावेत : कोणता नियम मोडला? दंड किती? तो कोठे भरावा आणि पावती कोठे मिळेल? या तीन प्रश्नांत आरोप नाही. खऱ्या दंडाला त्यांची उत्तरे सहज असतात. लाचेला नसतात.

७.३ रक्कम कमी होऊ लागल्यास : दंडात घासाघीस होत नाही. रक्कम उतरू लागली की ती लाच आहे असे समजावे. अशा वेळी ‘मी पोलीस ठाण्यात येऊन दंड भरतो’ असे म्हणावे व वाट पाहावी. लाच मागणाऱ्यासाठी वेळ मोलाचा असतो. एका प्रवाशावर अर्धा तास घालविणे त्यास परवडत नाही. मात्र रात्री, निर्जन जागी, खासगी वाहनातून ‘ठाण्यात’ जाण्यास तयार होऊ नये. उजेडाच्या, माणसांच्या ठिकाणी थांबण्याचा आग्रह धरावा. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर स्वाक्षरी करू नये.

७.४ धोका दिसल्यास : शस्त्र, मारहाण, खोट्या गुन्ह्याची धमकी, सोबत लहान मुले किंवा एकटी स्त्री, अशा परिस्थितीत पैसे देऊन सुरक्षित बाहेर पडावे. त्यात भित्रेपणा नाही. जिवापेक्षा तत्त्व मोठे असे परक्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगू नये. त्यानंतर मात्र गप्प बसू नये. स्थळ, वेळ, रक्कम, वाहनाचा क्रमांक, गणवेशावरील नाव वा क्रमांक यांची नोंद त्याच रात्री करावी आणि पर्यटक पोलीस व भारतीय दूतावास यांना कळवावे. पैसे परत मिळण्याची शक्यता अल्प असते. परंतु त्याच नाक्यावर उद्या थांबविल्या जाणाऱ्या प्रवाशासाठी ती नोंद मोलाची असते.

७.५ धोका नसून केवळ घाई असल्यास : हा प्रसंग सर्वांत अवघड होय. विमानाला चार तास आहेत, मागितलेली रक्कम जेवणाच्या बिलाइतकी आहे आणि सोबतचे ‘देऊन टाका, निघू’ म्हणत आहेत. पुष्कळ सुजाण माणसे येथे पैसे देतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. तथापि लाचेचा भाव प्रवाशाच्या घाईवरच ठरतो आणि प्रत्येक ‘देऊन टाका’ पुढील प्रवाशाचा भाव वाढविते, हे विसरता येत नाही. परतीच्या दिवशी भाड्याचे वाहन न चालविणे, विमानतळाकडे निघताना दोन तास हाती ठेवणे, एवढ्या साध्या खबरदारीने हा पेच बहुतांशी टळतो.

८. महाळुंगे येथील परदेशी पाहुणा

आतापर्यंतचे विवेचन येथून बाहेर जाणाऱ्यांविषयी होते. त्याची दुसरी बाजू दिल्ली व गुरुग्राम येथील घटनांनी आपल्यासमोर ठेवली आहे. चाकण पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी अभियंते येतात, राहतात, दुचाकीवर फिरतात. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरील अवजड वाहनांच्या रांगांत एखाद्या परदेशी पाहुण्याची मोटार थांबविली गेली, तर त्याची अवस्था बालीतील आपल्या तरुणासारखीच असते. त्याला मराठी येत नाही, नियम ठाऊक नसतात आणि सकाळच्या पाळीला कारखान्यात पोहोचण्याची घाई असते.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण परिसर पुणे ग्रामीण पोलिसांकडून त्याच्याकडे आला. राज्यात वाहतूक दंडासाठी ई-चलान पद्धती आहे. दंडाचा संदेश वाहनमालकाच्या भ्रमणध्वनीवर येतो व तो कार्डाने किंवा संगणकीय मार्गाने भरता येतो. रोख रकमेची गरज जितकी कमी होते, तितकी चिरीमिरीची जागा आकसते. परंतु परदेशी चालकाजवळ अनेकदा भारतीय क्रमांक नसतो, वाहन कंपनीच्या किंवा भाडे देणाऱ्याच्या नावावर असते आणि मग तो खिशातून नोटा काढतो. परदेशी भाडेकरूची माहिती अधिकाऱ्यांना विहित नमुन्यात कळविण्याचे घरमालकाचे बंधनही अशीच एक जागा आहे. नियम न कळल्यामुळे घरमालक घाबरतो आणि घाबरलेल्याकडून पैसे मागणे सोपे असते.

यावर उपाय महागडे नाहीत. कारखान्यांनी परदेशी पाहुण्यास पहिल्याच दिवशी ई-चलानाची माहिती, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०६४ हा लाचविरोधी क्रमांक आणि ‘पावती द्या’ ही दोन मराठी शब्दांची विनंती एका पत्रकावर छापून द्यावी. परदेशी जाणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यासही त्या देशाच्या भाषेत तेच दोन शब्द शिकवावेत. महाविद्यालयांनी पारपत्र, वाहनपरवाना व दूतावास यांविषयीचे एक व्याख्यान अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्यास ते त्यांच्या उपयोगी पडेल.

९. निष्कर्ष

लाच मागणारा पोलीस ही कोणा एका देशाची खासियत नाही. प्रवाशाचे अज्ञान, त्याची घाई आणि त्याची लहानशी चूक या तिहींवर ही मागणी पोसली जाते. नियमांची माहिती, हाती राखलेला वेळ आणि स्वतःचे शिस्तबद्ध वर्तन हे तिच्यावरील उपाय होत. प्रसंग आलाच तर सभ्यपणे पावती मागावी, धोका असेल तर जीव जपावा आणि नंतर नोंद करावी, एवढाच या विवेचनाचा सारांश आहे.

चाकणच्या चौकात थांबविल्यावर आपण प्रथम काय विचारतो, ‘किती द्यायचे?’ की ‘पावती कोठे मिळेल?’, यावर आपले परदेशातील वर्तन ठरते. पहिला प्रश्न विचारणारा महाळुंग्याहून निघतानाच ती सवय सोबत नेतो आणि बँकॉकच्या नाक्यावर तोच प्रश्न मोडक्या इंग्रजीत विचारतो. दुसऱ्या प्रश्नाची सवय घरीच लागली, तर परक्या देशात नवे धैर्य गोळा करावे लागत नाही.